दिगंबर साळवी आणि दुसऱ्यांची वाक्यं

दिगंबर साळवी गेले तेव्हापासून माझी वाक्यं मला स्वतःलाच पुरी करावी लागतात. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. जगातले बहुतेक लोक हे काम स्वतःच करतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी शाबासकी देत नाही. पण मी मुळात वाक्य सुरू करणारा माणूस आहे. ते संपणार कुठे याची काही सोय न करता मी तोंड उघडतो आणि मग मध्येच उभा राहतो, माळ्यावर चढल्यावर आपण काय काढायला आलो होतो ते विसरलेल्या माणसासारखा. अंबरनाथच्या कारखान्यातल्या माझ्या नोकरीत अशा प्रत्येक वेळी साळवी हजर असत. वाक्याचा उरलेला भाग ते माझ्या हातात ठेवत आणि म्हणत, "घ्या."

हे "घ्या" त्यांच्या नोकरीतून आलं होतं. आमची कंपनी पत्र्याचे डबे बनवायची. रंगाचे, वार्निशचे, खाद्यतेलाचे. साळवी तिथे स्टोअरकीपर. शेडच्या एका टोकाला जाळीची खिडकी आणि खिडकीमागे साळवी: बुटके, रुंद, केस तेल लावून चापून बसवलेले, कानामागे पेन्सिल. खिडकीशी आलेल्या कामगारानं "साळवी, जरा तो…" एवढं म्हणेपर्यंत ते मागच्या रॅककडे वळलेले असत. परत येत ते हातात बोल्ट नाहीतर वॉशर घेऊन. खिडकीतून वस्तू सरकवायची आणि म्हणायचं, "घ्या." अशी वर्षं काढल्यावर बोल्ट आणि शब्द यांतला फरक त्यांच्या लेखी उरला नसावा. समोरच्याला काहीतरी कमी पडतंय, ते आपल्याकडे शिल्लक आहे, तर देऊन टाकावं, इतकंच त्यांना कळत होतं.

मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे टाइम ऑफिसात लागलो. पहिल्याच आठवड्यात हजेरीची कोरी कार्डं आणायला मला स्टोअरमध्ये पाठवलं. मी खिडकीशी गेलो, नमस्कार केला आणि म्हणालो, "मला पंच…" मला पंचवीस कार्डं म्हणायचं होतं. साळवी तोवर वळलेही होते. त्यांनी कागदाला भोकं पाडायचं भलंथोरलं मशीन आणून माझ्यापुढे ठेवलं. "पंचिंग मशीन. घ्या."

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता की हे नको. मी ते मशीन पोटाशी धरून ऑफिसात आलो. साहेबांनी विचारलं, कार्डं कुठायत? मी म्हणालो, स्टोअरमध्ये सध्या मशीनच आहे. हे वाक्य मी एकट्यानं पुरं केलं होतं आणि ते कसं झालं होतं ते तुम्ही बघताच आहात.

साळवींचा शब्द दर वेळी बरोबर असे असं नाही. बऱ्याचदा तो साफ चुकीचा असे. पण तो इतक्या खात्रीनं येई, की आपल्याला तेच म्हणायचं होतं असं ऐकणाऱ्याला वाटू लागे, आणि थोड्या वेळानं बोलणाऱ्यालाही. कॅन्टीनमध्ये जेवताना मी म्हणावं, "आज भाजीत मीठ…" आणि साळवींनी म्हणावं, "जास्त." मला कमी म्हणायचं असे. पण पुढचा घास मला खारट लागे. माझी मतं इतकी हलक्या वजनाची होती.

आमचा एक सप्लायर होता, होतचंद नावाचा. उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी. रबरी गॅस्केटं आणि बारीकसारीक हार्डवेअर आणून द्यायचा. सदैव हसरा, गोल, स्कूटरवर माल बांधून येणारा. त्याला मराठी शिकायची फार हौस. कंपनीत आला की हिंदी बोलायचं नाही असं त्यानं स्वतःहून ठरवलं होतं. स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून तो मराठी वाक्य सुरू करायचा आणि साळवी ते संपवायचे. "साळवी भाई, ट्रक तो नाक्यावर…" "अडकलाय. घ्या." "मुलीचं लग्न यंदा…" "ठरलं. घ्या." काही वर्षांनी आमच्या लक्षात आलं की होतचंद मराठी शिकला खरा, पण फक्त वाक्यांचे पुढचे भाग शिकला. अर्ध्यापर्यंत तो अस्सल बोलायचा आणि मग थांबून प्रेमानं समोरच्याकडे बघायचा. बाहेर कुठे मराठी बोलायची वेळ आली की म्हणायचा, "बाकी साळवी भाई बोलेगा." त्याच्या मुलीचं लग्न खरोखरच त्या वर्षी ठरलं, ते साळवींनी ठरवलं असं तो शेवटपर्यंत मानायचा.

दसऱ्याला मशीनची पूजा असे. मशीनला झेंडूचे हार, सगळ्यांच्या हातात पेढ्याचा पुडा आणि मॅनेजरसाहेबांचं भाषण. एका वर्षी साहेब भाषणात म्हणाले, "यंदा पगारवाढीच्या बाबतीत कंपनी…" आणि त्यांना खोकला आला. मागून साळवींचा आवाज आला, "सकारात्मक आहे. घ्या." टाळ्या सुरू झाल्या. युनियनच्या लोकांनी साहेबांच्या गळ्यात मशीनवरचा हार काढून घातला. साहेबांना कंपनी असमर्थ आहे असं म्हणायचं होतं असं नंतर कळलं, पण गळ्यात हार असताना असमर्थ म्हणणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी साळवींना केबिनमध्ये बोलावलं. काय झालं विचारलं तर साळवी म्हणाले, "काही नाही. ते रागावत होते, पण त्यांना शब्द सापडत नव्हते. मी मदत केली."

आता माझ्या लग्नाचं सांगतो. माझे वडील गावी अंथरुणाला खिळलेले, म्हणून मुलगी बघायला जाताना वडीलधारं माणूस म्हणून मी साळवींना नेलं. हा निर्णय मी शुद्धीत असताना घेतला होता. मुलगी अंबरनाथ पूर्वेचीच, शैला. कांदेपोहे झाले. मुलीच्या वडिलांनी घसा साफ करून विचारलं, काय मग, कसं काय वाटतं? मी म्हणालो, "मला मुलगी…" मला म्हणायचं होतं की मुलगी चांगलीच आहे, पण घरी विचारून कळवतो. तसं मी आधीच्या तीन ठिकाणी म्हणालो होतो आणि ते मला बऱ्यापैकी पाठ झालं होतं.

"पसंत आहे," साळवी म्हणाले. मग सवयीनं मुलीच्या वडिलांकडे बघून म्हणाले, "घ्या."

आतून कोणीतरी साखर आणली. शैला अजून सांगते की तिनं लग्न माझ्याशी केलं नाही, साळवींच्या वाक्याशी केलं, मी त्या वाक्यात 'मला' म्हणून होतो एवढंच. मी तिला म्हणतो की माझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मी बोललोच नाही, हे तरी मान्य कर. ते ती मान्य करते.

अशा माणसाला नाटकात प्रॉम्प्टर करायचं सुचलं नसतं तरच नवल. दर वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आमची कंपनी उतरायची. मी नायक. माझ्याकडे लग्नातला कोट होता आणि इतरांकडे नव्हता, या गुणावर माझी निवड झाली होती. पाठांतर माझं कधीच नव्हतं, पण विंगेत साळवी असताना मला चिंता नव्हती. मी तोंड उघडायचो, ते शब्द पुरवायचे. त्यांची एकच अडचण होती. त्यांना कुजबुजता येत नसे. डब्यांच्या प्रेसच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा हळू आवाज म्हणजे बाल्कनीपर्यंत जाणारा. परीक्षकांनी एकदा शेरा दिला होता की नायकाचा अभिनय बेताचा, पण आवाज उत्तम.

एका वर्षीच्या नाटकात शेवटच्या अंकात मी घर सोडून निघतो. आईचं काम करायला डोंबिवलीहून एक बाई बोलावल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणायचं, "आई, मी तुला…" इथे मोठा पॉज, डोळ्यांत पाणी, आणि मग "सोडून चाललो." आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचे शब्द पाठ होते. मी पॉज घेतला. डोळ्यांत पाणीसुद्धा येऊ लागलं होतं. तेवढ्यात विंगेतून गर्जना झाली, "सोडून चाललो!"

आईचं काम करणाऱ्या बाई दचकून विंगेकडे वळल्या आणि त्यांचं वाक्य विंगेला उद्देशून म्हणाल्या, "नको रे जाऊस." मग मला वाटलं, आपलंही वाक्य म्हणून टाकावं. मी म्हणालो, सोडून चाललो. प्रेक्षकांत कोणीतरी ओरडलं, दोघंही जा. त्या शोकांतिकेला त्या वर्षी विनोदी नाटकाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

मेकअप उतरवताना मी साळवींवर चिडलो. म्हणजे चिडायला सुरुवात केली. तो पॉज होता, मला वाक्य येत होतं, असं मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "तुम्ही थांबलात ना नाईक. माणूस चार लोकांत शब्दासाठी चाचपडायला लागला की मला बघवत नाही हो." त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. माझं चिडणं अर्धंच राहिलं, आणि त्यांनीही त्या वेळी ते पुरं केलं नाही.

साळवी बदलापूरला राहायचे. त्या काळात बदलापूरला भराभर इमारती उठत होत्या आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथे जागा घेतल्या होत्या. पण साळवींच्या घरी कोणी गेलेलं नव्हतं. नाटकाला, दसऱ्याला, कोणाच्या बारशाला वहिनींना घेऊन या म्हटलं की ते "बघू" म्हणायचे आणि एकटेच यायचे. कंपनीत यावर एक सिद्धान्त तयार झाला होता. घरी बायको यांना एक शब्द बोलू देत नाही, म्हणून हे बाहेर सगळ्यांचे शब्द बोलत सुटतात. कॅन्टीनमध्ये मी त्याची नक्कल करून दाखवायचो. हातात कालथा घेऊन कंबरेवर हात ठेवलेली, धाडधाड बोलणारी साळवीवहिनी. नक्कल लोकप्रिय होती. साळवीही हसायचे. मी मध्ये अडखळलो तर वहिनींच्या तोंडी घालायला वाक्यही पुरवायचे.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला साळवींच्या छातीत दुखायला लागलं. काही दिवस दवाखान्यात काढले आणि मग डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं. होतचंद म्हणाला, "नाईक भाई, आपण जाऊन…" मी म्हटलं, "येऊ." एका रविवारी सकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी बदलापूरला गेलो. मांडीवर मोसंब्यांची पिशवी होती. वाटेतले खड्डे मी मोसंबी सांभाळत काढले, मला कोणी सांभाळलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार एका उंच, किडकिडीत बाईंनी उघडलं. साळवींपेक्षा चांगल्या वीतभर उंच. मी कालथ्याच्या तयारीनं गेलो होतो. त्या हसल्या, त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, पण शब्द कुठेतरी आतच अडकून राहिला.

एवढी वर्षं साळवींच्या संगतीत काढल्यावर मला जे करणं स्वाभाविक होतं ते मी केलं. "या, बसा," असं त्यांच्या घरात त्यांच्या वतीनं मीच म्हणालो आणि आत जाऊन बसलो. मी मोसंबी पुढे केली. त्या काही म्हणू लागल्या तर मी म्हटलं, कशाला कसलं, त्यात काय एवढं. खाटेवर साळवी उशीला टेकून बसले होते, वाळले होते. ते माझ्याकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते. मला वाटलं अशक्तपणा असेल. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "च…"

"चहा," मी म्हणालो. "घेऊ की. साखर कमी."

साळवींनी हात वर केला. रागानं नाही. नाक्यावरचा पोलीस गाडी थांबवतो तसा. मी थांबलो. होतचंदही थांबला. त्या खोलीत मग सगळंच थांबलं.

वहिनी प्रयत्न करत होत्या. मी जमिनीकडे बघत होतो, मग भिंतीकडे, मग नाइलाजानं साळवींकडे. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता. बायको काहीतरी सांगते आहे आणि आपण ऐकतो आहोत, यात घाई कसली, असा. पण चादरीखाली त्यांच्या पायाचे अंगठे वळवळत होते आणि एका हातानं त्यांनी खाटेची कड घट्ट धरली होती. ज्या माणसाला नाटकातला एक पॉज सोसला नाही, तो तिथे बसून होता. शब्द साळवींच्या ओठांपर्यंत येताना मला दिसत होते. ते गिळताना दिसत होते.

"चहाचं दूध… नासलंय," वहिनी म्हणाल्या. "को… कोकम सरबत करू?"

"कर की," साळवी म्हणाले.

चहा हा शब्द बरोबर होता, वाक्य मी पूर्णपणे चुकवलं होतं.

सरबत झालं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. वहिनी मधूनमधून बोलल्या आणि आम्ही दोघं, आयुष्यात कधी थांबलो नव्हतो इतके थांबलो. निघताना साळवी दारापर्यंत आले. वहिनी आत पेले विसळत होत्या. ते मला म्हणाले, "तिला बोलायला वेळ लागतो. लागू दे. घरी कुठे कारखान्याचा हूटर होणार आहे."

खाली आल्यावर होतचंदनं स्कूटरला किक मारली नाही. किल्ली हातात धरून उभा राहिला. "नाईक भाई," तो म्हणाला, "आपण लोक फार…" आणि नेहमीप्रमाणे थांबून माझ्याकडे बघू लागला. मी स्कूटरवर मागे जाऊन बसलो.

पुढे साळवी कामावर आले आणि पूर्वीसारखेच सगळ्यांना शब्द वाटू लागले. कॅन्टीनमध्ये मला कालथ्याच्या नकलेची फर्माईश झाली, तेव्हा विसरलो म्हणालो. मी विसरलो यावर कोणीही विश्वास ठेवतो. मी मनात मात्र आमचा तो सिद्धान्त उलटा करून बघत होतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत हा माणूस घरी गप्प बसायची मेहनत करत होता आणि हूटर झाला की आमच्याकडे विश्रांतीला येत होता. माझी अर्धी वाक्यं म्हणजे त्यांचा विरंगुळा होता. एवढा उपयोग माझा दुसऱ्या कोणाला झालेला नाही.

साळवी गेले ते यानंतर दोनेक वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळी घरीच. रिटायर व्हायला थोडाच अवधी उरला होता. कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. मॅनेजरसाहेब बोलले. त्यांची सगळी वाक्यं त्यांनी स्वतःच पुरी केली आणि ती किती लांब असतात हे आम्हाला तेव्हा कळलं. होतचंद मुद्दाम उल्हासनगरहून आला होता. तो उभा राहिला, मराठीत म्हणाला, "साळवी भाई म्हणजे…" आणि खाली बसला. मी बोलणार होतो. कशी सुरुवात करायची ते ठरवलंही होतं. पण मग मी आपला चहाचा कप उचलला.

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी शैला आणि मी बदलापूरला गेलो. रविवारची दुपार होती. वहिनी एकट्याच होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माहेर वांगणीजवळच्या गावात, तिथे भाऊ होता, शेती होती. भाऊ दर आठवड्याला येऊन वांगणीला चल म्हणून मागे लागला होता, असं त्यांनी सांगितलं. शैलानं विचारलं, मग काय ठरवलंत? वहिनी काही म्हणू लागल्या. "जाणार असाल ना" हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. गिळायला काय कष्ट पडतात ते तेव्हा समजलं.

त्या सावकाश बोलल्या. त्या बोलण्याला किती वेळ लागला ते लिहीत नाही, नुसतं काय बोलल्या ते सांगतो.

लहानपणी घरात सगळेच त्यांची वाक्यं पुरी करायचे. आई, बाप, भाऊ, शेजारीपाजारी, सगळे मायेनंच. त्यांनी नुसतं तोंड उघडायचं, बाकी घर बोलायचं. काय खायचंय, काय दुखतंय, कुठली साडी हवी, सगळं दुसऱ्याच्या तोंडून यायचं आणि त्या मान डोलवायच्या. मग लग्न झालं, ते साळवींशी. साळवींना पहिल्या दिवसापासून फार आनंद झाला. आपल्यासाठीच केलेली बायको मिळाली असं त्यांना वाटलं. तिच्याकडे शब्द कमी आणि आपल्याकडे ढीग. ते पुरवत गेले आणि या गप्प होत गेल्या. दिवाळीपर्यंत त्यांनी बोलणंच सोडलं. साळवींच्या ते लगेच लक्षातही आलं नाही, कारण घरात बोलणं तर चालूच होतं. एका संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांना जाणवलं की आपण कित्येक दिवस दोघांचंही एकटेच बोलतोय. त्यांनी विचारलं, काय झालं? या सांगू लागल्या तर ते पुन्हा पुरवायला लागले. बरं नाही? आईची आठवण येते? माझं काही चुकलं? मग वहिनींनी आपला तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. हात तसाच ठेवून, जेवढा लागला तेवढा वेळ घेऊन सांगितलं, माझं मला बोलू द्या.

"त्या घरातलं माझं… पहिलं वाक्य," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर साळवींनी घरात त्यांचा एक शब्दही उचलला नाही. सुरुवातीला त्यांना फार जड गेलं. दातांखाली लवंग धरून बसायचे. वहिनींना आठवून हसू आलं.

मग वहिनी साळवी गेले त्या सकाळचं बोलल्या. साळवी उठून खाटेवर बसले होते. त्या खिडकीशी होत्या. ते म्हणाले, "सुमन, तू…" आणि थांबले. वहिनी वळल्या आणि थांबल्या. त्या घराची रीतच ती होती, बोलणारा थांबला की ऐकणाऱ्यानं वाट बघायची. त्यांना वाटलं, शब्द शोधतायत. इतक्या वर्षांत साळवींना शब्दासाठी थांबावं लागलंय असं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. म्हणून त्या उभ्या राहिल्या, घाई न करता. काहीतरी वेगळं आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

शैलानं त्यांचा हात धरला. वहिनींनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या हसत होत्या.

"लोकांची एवढी पुरी केली," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःचं… माझ्यावर टाकून गेले."

वहिनी रोज सकाळी त्या अर्ध्या वाक्याला एकेक शेवट लावून बघत होत्या. सुमन, तू गॅस बंद केलास का. सुमन, तू जेवून घे. ही दोन्ही वाक्यं साळवींच्या तोंडची होती, पण एवढं थांबून म्हणण्यासारखी नव्हती. भाऊ आला त्या दिवशी त्यांनी "सुमन, तू वांगणीला जाऊन राहा" असंही लावून पाहिलं. ते बसलं नाही. ते वाक्य साळवींचं वाटलं नाही, भावाचं वाटलं. मग त्यांनी भावाला सांगितलं की मी येत नाही. तो मध्ये बोलायला लागला तर त्याला हातानं थांबवलं आणि सबंध सांगितलं.

मी विचारलं, "आज काय लावलंत, वहिनी?"

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. समोरच्या नव्या इमारतीवर कोणीतरी गाद्या उन्हात घालत होतं. आम्ही वाट बघितली.

"आज," त्या म्हणाल्या, "आज लावलं… सुमन, तू… बो… बोल."

आणि मग त्या बोलल्या. उन्हं उतरेपर्यंत बोलल्या. शैला आणि मी जमिनीवर बसून राहिलो.